पीक नावाचे प्लास्टिक



आजच्या भाषणाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा कार्यक्रम शेतीचा आहे. पीक म्हटले म्हणजे आपल्या नागपूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कापूस, तूर, सोयाबीन उभे राहते. काटोल-नरखेडच्या माणसाला संत्र्याचा आंबिया बहार आठवतो. पण मी ज्या पिकाविषयी बोलणार आहे ते शेतात येत नाही, कारखान्यात तयार होते. ते एक प्लास्टिक आहे. त्याचे पूर्ण नाव पॉलि-ईथर-ईथर-कीटोन. एवढे लांब नाव कोण घेणार? म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे जग त्याला 'पीक' म्हणते. आपल्या भाषेत या शब्दाला एक चांगला अर्थ आधीच आहे, हा निव्वळ योगायोग.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. मग अर्थशास्त्राचा अध्यापक प्लास्टिकवर का बोलतो, असे आपण विचाराल. त्याचे कारण घरचे आहे आणि ते आधी सांगून टाकतो.

माझा धाकटा भाऊ गावी शेती करतो. विहिरीवर विजेची मोटर आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याचा निरोप आला की स्टार्टरच्या पेटीतली, तारा जोडतात ती कनेक्टरची पट्टी तडकली आहे, नागपूरहून येताना एक घेऊन ये. मी बाजारात गेलो. दुकानदाराने दोन पट्ट्या पुढे ठेवल्या. एक काळी, बेकेलाइटची, सत्तर रुपयांची. दुसरी पांढरीशुभ्र, दिसायला अधिक सुबक, तीस रुपयांची. मी विचारले, "फरक काय?" तो म्हणाला, "काही नाही साहेब, दोन्ही चालतात." मी तीस रुपयांची घेतली. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने चाळीस रुपये वाचवले.

पुढे नवतपा लागला. दिवसभर तापलेली पत्र्याची पेटी रात्रीही गार होईना. त्या दिवसांत वीज रात्रीच्या पाळीची आणि दाबही कमी. दाब कमी असला की मोटर अधिक प्रवाह ओढते, आणि अधिक प्रवाह म्हणजे तारांच्या सांध्यापाशी अधिक उष्णता. ती पांढरी पट्टी मऊ झाली, खचली, एक जिवंत तार सरकून पेटीच्या पत्र्याला टेकली. अर्थिंगची तार कधीची तुटलेली होती. रात्री दीड वाजता भावाने मोटर बंद करायला पेटीला हात लावला. तो फेकला गेला म्हणून वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे तेव्हापासून मिटत नाहीत. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याने मला दोष दिला नाही. तो इतकेच म्हणाला, "दादा, पट्टी तं तुपावानी पाघळली."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचा भाऊ शास्त्र बोलला. प्लास्टिकच्या दोन जाती असतात. एक तुपाची, दुसरी भाकरीची." त्या दिवसापासून मी जे शिकलो ते आपल्याला सांगतो आहे.

तूप थंडीत गोठते, चुलीजवळ ठेवले की वितळते, पुन्हा गोठते. हे कितीही वेळा करा. काही प्लास्टिके अशीच असतात. तापवली की मऊ होतात, साच्यात घातली की आकार घेतात, गार झाली की घट्ट होतात. आपली बादली, पिशवी, पाण्याची बाटली, ठिबकाची नळी ही सारी याच जातीची. शास्त्रज्ञ त्यांना थर्मोप्लास्टिक म्हणतात. दुसरी जात भाकरीची. पीठ मळले, थापले, तव्यावर टाकले. एकदा भाजली की भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. फार तापवली तर करपेल, पण वितळणार नाही. या जातीला थर्मोसेट म्हणतात. कुकरची काळी मूठ, जुन्या घरातली काळी-तपकिरी बटणे, ही या जातीची.

आता यातले आतले कारण पाहू. कोणतेही प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या फार लांब साखळ्या. कापसाचा पेळू डोळ्यांसमोर आणा. त्यात तंतू एकमेकांशेजारी नुसते पडलेले असतात. ओढले की घसरतात. तुपाच्या जातीत साखळ्या अशाच मोकळ्या असतात. उष्णता म्हणजे रेणूंची हालचाल. हालचाल वाढली की साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात, आणि आपण म्हणतो प्लास्टिक पाघळले. भाकरीच्या जातीत मात्र साखळ्यांना जागोजाग आडव्या गाठी पडलेल्या असतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. जाळे ताणेल, फाटेल, पण त्याचे धागे सुटे होऊन वाहणार नाहीत.

या गोष्टीचा आरंभ आपल्याच रानातून होतो, हे मला फार पुढे कळले. महाभारतातले लाक्षागृह आपण सर्वांनी ऐकले आहे. पांडवांना जाळण्यासाठी दुर्योधनाने लाखेचा वाडा बांधवला. लाखच का निवडली? कारण ती सहज वितळते आणि भडकून जळते. ही लाख आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या जंगलांत पळसावर, कुसुमावर आणि बोरीवर एका बारीक किड्यापासून मिळते. सोनार पोकळ दागिन्यात ती भरतो, बांगडीवाला तिच्या बांगड्या करतो, टपालाच्या थैलीवर तिची मोहोर उठते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. लाख हे निसर्गाने दिलेले तुपाच्या जातीचे प्लास्टिकच म्हणा ना.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत विजेचा प्रसार झाला. विजेच्या तारांवर, वेटोळ्यांवर वेष्टन हवे, आणि ते वेष्टन म्हणून लाख वापरीत. ती बहुतेक हिंदुस्थानातून जाई. मागणी वाढली, भाव चढले, आणि किडे काही कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करीत नाहीत. तेव्हा लाखेला पर्याय शोधण्याच्या मागे लिओ बेकेलँड नावाचा एक रसायनज्ञ लागला. हा मूळचा बेल्जियममधल्या घेंट गावचा, जन्म १८६३ चा, पुढे अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेला. त्याने दोन द्रव्ये घेतली. एक फिनॉल, म्हणजे ज्याला आपण कार्बॉलिक ॲसिड म्हणतो ते. दुसरे फॉर्मॅल्डिहाइड, ज्याच्या पाण्यातल्या द्रावणात, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात बेडूक आणि साप बरणीत ठेवलेले असतात. ही दोन एकत्र तापवली की चिकट राळ होते, हे आधीही माहीत होते. पण तापवताना ती फसफसून तिला फुगे येत आणि भांडे वाया जाई. बेकेलँडने ती बंद भांड्यात दाबाखाली तापवली. कुकरचीच युक्ती. फुगे दबले आणि कठीण, चकचकीत, न वितळणारा पदार्थ हाती आला. १९०७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ साली शोध जाहीर केला. स्वतःच्या नावावरून त्याने पदार्थाला बेकेलाइट नाव दिले. सर्वस्वी माणसाने घडवलेले हे पहिले प्लास्टिक.

त्याआधीचे सेल्युलॉइड माणसाने केले होते खरे, पण ते कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूवर प्रक्रिया करून. आणि उष्णतेच्या बाबतीत ते लाखेचेच भावंड. जुन्या चित्रपटांच्या फिती त्याच कुळातल्या. २००३ सालच्या जानेवारीत पुण्याला फिल्म संस्थेच्या आवारात आग लागली आणि आपल्या जुन्या मूकपटांच्या व बोलपटांच्या कितीतरी फिती जळून गेल्या. उष्णता न सोसणारे प्लास्टिक कसे घात करते याचे हे मोठे उदाहरण. माझ्या भावाची बोटे हे लहान उदाहरण.

बेकेलाइटने विजेचे जग बदलले. आपले नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळच्या अनेक रेडिओंच्या पेट्या बेकेलाइटच्या असत. आतले व्हॉल्व्ह दिव्यासारखे तापत, आणि ती उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पेटी हवी असे. आज रेडिओ खिशात गेला, पण कुकरची मूठ अजून त्याच कुळातली आहे. एकशेवीस अंशांची वाफ आत कोंडलेली आणि आपला हात बाहेर मुठीवर, ही निश्चिंती आपल्याला त्या काळ्या प्लास्टिकने दिली. ते सुमारे दीडशे अंशांपर्यंत निमूटपणे काम करते.

पण भाकरीच्या जातीचे दोषही भाकरीचेच. बेकेलाइट ठिसूळ; हातून पडले की तडकते. एकदा घडवले की पुन्हा वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही, म्हणून त्याची मोड भंगारवालाही घेत नाही. साच्यात ते पक्के होईपर्यंत थांबावे लागते. कारखानदाराला हवे होते ते वेगळेच. तुपासारखे वितळून क्षणात साच्यात भरावे, आणि एकदा गार झाले की भाकरीसारखे उष्णतेपुढे टिकावे. हे म्हणजे एकाच बैलाने धावावेही आणि रवंथही करावे अशी इच्छा.

पुष्कळांनी प्रयत्न केले. १९३५ साली अमेरिकेत कॅरोथर्सने नायलॉन काढले. त्याची चाके, दातेरी चक्रे छान होतात; त्याची एक प्रसिद्ध जात दोनशे पासष्ट अंशांच्या आसपास वितळते. पण वितळण्याच्या पुष्कळ आधीच ते ढिले पडते आणि पाणीही शोषून घेते. १९३८ साली प्लंकेट नावाच्या तरुणाला एका वायूच्या नळकांड्यात अपघाताने पांढरी पूड सापडली. तेच टेफ्लॉन, ज्याचा थर आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतो. ते तीनशे सत्तावीस अंशांपर्यंत वितळत नाही, पण अंगाने मऊ, आणि वितळले तरी वाहत नाही, म्हणून साध्या साच्यात भरता येत नाही. जाता जाता गृहिणींना एक सांगतो. असा तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर विसरू नका. साडेतीनशेच्या घरात तो थर विघटू लागतो आणि त्याचा धूर घातक असतो. घरात पिंजऱ्यातला पोपट असेल तर तो धूर त्याचा जीवही घेतो.

अखेर १९७८ साली इंग्लंडमधल्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पीक तयार केले. पुढच्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आले.

पिकात असे काय आहे? पूर्वीच्या विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. रहाटाच्या माळेत घट्ट गाडगी असतात आणि त्यांना जोडणारा दोर. गाडगे वाकत नाही, वाकतो तो मधला दोर. साध्या पॉलिथीनची साखळी म्हणजे नुसता दोर. थोड्या उष्णतेने वळवळते, एकशेदहा-तीस अंशांत पाघळते. पिकाच्या साखळीत बेंझिनची सहा-सहा कोनांची ताठ चक्रे आहेत, गाडग्यांसारखी. त्यांच्यामध्ये आखूड दुवे: दोन ईथरचे, एक कीटोनचा, पुन्हा दोन ईथरचे, एक कीटोनचा. त्यावरूनच त्याचे नाव पडले. ताठ चक्रांना हलवायला उष्णता फार लागते. शिवाय या साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना चिकटून, विटा रचाव्या तशा नीट रचल्या जातात. ती रचना मोडायला तीनशे त्रेचाळीस अंश लागतात. शिसे तीनशे सत्तावीस अंशांना वितळते. म्हणजे शिशाचा रस झाला तरी हे प्लास्टिक घनच असते!

यात एक बारकावा आहे, तो शिक्षकांनी लक्षात ठेवावा. प्लास्टिकला दोन तापमाने असतात. एक, जिथे ते कडकपणा सोडून थोडे लवचिक होऊ लागते. दुसरे, जिथे ते खरोखर वितळते. पिकाचे पहिले तापमान एकशे त्रेचाळीस अंश आहे. त्यापुढे ते काहीसे नरमते, पण रचलेल्या भागांमुळे आकार सोडत नाही. त्यात काचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतू मिसळले, आपण भिंतीच्या मातीत तणस कालवतो तसे, म्हणजे ते अडीचशे अंशांपर्यंत वर्षानुवर्षे काम करते. वजन म्हणाल तर पाण्याच्या फक्त सव्वा-दीड पट. लोखंड पाण्याच्या जवळजवळ आठ पट जड. म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा पोलादाच्या सहाव्या हिश्शाचा. बहुतेक आम्ले, अल्कली, तेले यांचे त्याला काही वाटत नाही. तीव्र गंधकाम्लापुढे मात्र ते हार मानते. उकळत्या पाण्याने, दाबाखालच्या वाफेनेही ते कुजत नाही. आणि पेटवायला गेलात तर ज्योत दूर करताच विझते, धूरही थोडा.

मग ते वापरतात कुठे? जिथे धातू जड पडतो किंवा गंजतो, आणि साधे प्लास्टिक टिकत नाही, तिथे. रासायनिक कारखान्यांच्या पंपांतली घासणारी कडी, कॉम्प्रेसरच्या झडपा, तेलविहिरींतली वेष्टने, विमानांतले आधार आणि तारांची आवरणे. सर्वांत आश्चर्य वाटेल ते माणसाच्या शरीरात. पाठीच्या मणक्यांमधली चकती झिजली म्हणजे शल्यवैद्य दोन मणक्यांच्या मध्ये पिकाचा लहानसा पिंजरा बसवतात. शरीर ते सहन करते. धातूपेक्षा त्याचा ताठपणा हाडाच्या अधिक जवळचा, म्हणून शेजारच्या हाडावर अवाजवी ताण येत नाही. आणि क्ष-किरण त्यातून आरपार जातात, त्यामुळे हाड जुळून आले की नाही हे डॉक्टरांना फोटोत स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेची उपकरणे एकशे चौतीस अंशांच्या वाफेत पुनःपुन्हा निर्जंतुक करावी लागतात. साधी बादली त्यात गोळा होऊन बाहेर येईल. पिकाची मूठ जशीच्या तशी निघते.

हे सारे परदेशातलेच काय, असे कोणी म्हणेल. तर आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस सांगतो. डॉ. केकी घरडा. जन्म १९२९, मुंबईतल्या वांद्र्याचा. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकले, अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले, आणि गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात त्यांनी स्वतःचा रासायनिक उद्योग उभारला. त्याचा कारखाना डोंबिवलीत होता. गव्हातले तण मारणारे आयसोप्रोट्यूरॉन त्यांनी इथे तयार करून परदेशी मालापेक्षा पुष्कळ स्वस्तात शेतकऱ्याला दिले. हा माणूस प्रयोगशाळेत रमणारा. पुढे त्यांनी पिकाची रीत स्वतःच्या पद्धतीने बसवली आणि गुजरातेत पानोली इथे त्याचे उत्पादन केले. जगात फार थोड्या ठिकाणी जे होत होते ते इथे झाले. २००६ च्या सुमारास तो व्यवसाय सॉल्वे या कंपनीने विकत घेतला. ही कंपनी बेल्जियमची, म्हणजे बेकेलँडच्या मायदेशची. १९०७ मध्ये एका बेल्जियन माणसाने आपल्या लाखेला पर्याय शोधला. शंभर वर्षांनी बेल्जियमची कंपनी आपल्या माणसाने बसवलेली रीत घ्यायला आली. घरडांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते वारले. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या लवेल इथे त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्या मुलांना रसायनात गोडी आहे त्यांना शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी.

आपले नागपूरही या विद्येत मागे नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली इथे लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था निघाली. तेल, रंग, प्लास्टिक यांचे तंत्र शिकून तिथून कितीतरी पिढ्या बाहेर पडल्या. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. आणि विमानतळाजवळच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाच्या जमिनीखालच्या तुळया बनू लागल्या, त्या लोखंडाच्या नव्हेत, तंतू आणि राळ यांच्या संयुक्त पदार्थाच्या. आपल्या गावचा मुलगा उद्या तिथे काम करील, तेव्हा तूप आणि भाकरीचा हा धडा त्याच्या उपयोगी पडेल.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशाकडे वळतो. पिशवीचे पॉलिथीन शंभर-दीडशे रुपये किलोच्या आसपास मिळते. पिकाला किलोमागे हजारो रुपये पडतात. मग इतके महाग प्लास्टिक कोणी का घेतो? कारण घेणारा वस्तूच्या किमतीबरोबर बिघाडाची किंमतही मोजतो. मणक्यातला पिंजरा मोडला तर पुन्हा पाठ उघडावी लागेल. समुद्राखालच्या तेलविहिरीतले वेष्टन गळले तर कोट्यवधींचे नुकसान. त्यापुढे किलोचे काही हजार म्हणजे काहीच नाही.

हाच हिशेब आपल्या शेतातही आहे, फक्त आपण तो करीत नाही. भावाच्या स्टार्टरमध्ये पिकाची पट्टी बसवा, असे मी म्हणत नाही. तिथे सत्तर रुपयांची बेकेलाइटची पट्टी पुरली असती. चिनीमातीचा कनेक्टर तर आणखी साधा आणि आगीलाही न भिणारा. प्रश्न भारी प्लास्टिकचा नसून ज्या जागी जितकी उष्णता, तिथे तितकी सोसणारे प्लास्टिक आहे की नाही, हा आहे. मी फक्त किंमत पाहिली, जागा पाहिली नाही. चाळीस रुपयांच्या बदल्यात दोन बोटे गेली, आणि तीही माझी नव्हेत. वर्गात मी पंचवीस वर्षे नफा-तोटा शिकवत आलो, पण इतका आतबट्ट्याचा व्यवहार मी दुसरा केलेला नाही.

म्हणून शेतकरी बंधूंना चार गोष्टी सांगतो. पहिली, विजेचा कोणताही सुटा भाग घेताना आयएसआय चिन्ह पाहा. ते चिन्ह केवळ शोभेचे नसते. जिवंत तारा धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकला आठशे पन्नास अंश तापलेली लाल तार टेकवून त्याची परीक्षा घेण्याची रीत आहे. तार काढल्यावर तुकड्याची ज्योत तीस सेकंदांच्या आत विझली पाहिजे. दुसरी, तारांचे स्क्रू हंगामातून दोनदा, वीज पूर्ण बंद करून, आवळून घ्या. ढिला सांधा हीच बहुतेक वेळा उष्णतेची जन्मभूमी असते. पट्टी पिवळी पडली, वास आला, की ती बदलाच. तिसरी, अर्थिंग. माझ्या भावाची तार तुटली नसती तर पट्टी पाघळूनही फ्यूज उडून काम भागले असते. चौथी, कुकरची मूठ, इस्त्रीची मूठ तुटली तर मिळेल ते प्लास्टिक किंवा चिकटपट्टी लावून भागवू नका. त्याच मापाची, उष्णता सोसणारी मूठ आणा. आणि टपरीवरचा गरम चहा पातळ पिशवीत आणण्याची सवय सोडा. किटली हा आपला जुना आणि चांगला शोध आहे.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग. पाण्याची रिकामी पातळ बाटली घ्या, जिच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. एका थाळीत ती उभी करून तिच्यात नुकतेच उकळलेले पाणी जपून ओता. बाटली मुलांच्या डोळ्यांदेखत आकसते, वाकडी होते. त्या प्लास्टिकचे नरम होण्याचे तापमान सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात आहे. आता तेच पाणी डब्याच्या अशा झाकणावर ओता, ज्याच्या त्रिकोणात पाचचा आकडा आहे. त्याला काही होणार नाही, कारण ते पॉलिप्रॉपिलीन एकशे साठच्या वर वितळते. मग मोडक्या बटणाचा काळा तुकडा घ्या. एक सुई सांडशीत धरून मेणबत्तीवर तापवा आणि आधी बादलीच्या तुकड्याला, नंतर काळ्या तुकड्याला टेकवा. एकीकडे ती रुतेल, दुसरीकडे रुतणार नाही, फार तर कार्बॉलिकचा वास येईल. हे शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. तुकडा पेटवू नये. नळीच्या आणि तारेवरच्या प्लास्टिकला तर सुई लावूच नये, त्याचा धूर आम्लाचा असतो. एवढ्या दहा मिनिटांत मुलांना जे कळेल ते पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांत कळणार नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. विहिरीवर गेलो तेव्हा भावाने स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. आत चिनीमातीचे कनेक्टर, नवी अर्थिंगची तार, आणि पेटीवर सावलीसाठी एक लहानसे छप्पर. बाजूला त्याचा सातवीतला मुलगा उभा होता. त्याने मला विचारले, "मोठे बाबा, हे तूप आहे का भाकर?" मी म्हटले, "ही दोन्ही नव्हेत, ही विटेच्या जातीची." तो हसला, आणि भावाने त्याच दोन ताठ बोटांच्या हाताने पेटीचे दार लावून घेतले.

आपल्या घरातली पेटी, बटणे आणि मुठी उद्या दिवसाउजेडी एकदा पाहून घ्या, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.